निंबार्ते काकांची बारा फूट आठ इंच जागा

निंबार्ते काका कोणाच्याही घरी गेले की आधी दारातली पायरी मोजतात, मग नमस्कार करतात. आमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा माझी बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि हे दारात उकिडवे बसून खिशातला पोलादी टेप सोडताहेत. "सूनबाई, तुमची पायरी चार इंच सरकारी जागेत हाये," असं सांगून मग पाणी प्यायले. आमचं त्या दिवशीचं जेवण काही गोड लागलं नाही.

काका निवृत्त भूकरमापक. उभा जन्म भंडारा जिल्ह्यातली धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं, मोजण्यात गेला. "माणूस बोलते ते हवा, टेप बोलते ते माप," हे दिवसातून दहादा ऐकवणार. काकू जाऊन चार वर्षं झाली. एकुलता एक सुधीर नागपूरला असतो. बाजार रोडवर काकांचं घर, आणि त्याच्या बरोब्बर समोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. गाव साकोलीच्या अलीकडं की पलीकडं, ते विचारू नका. मला अजून इथंच धंदा करायचा आहे.

कारण गोष्ट आमच्या नगरपरिषदेची आहे. कोणीतरी कुठलं तरी मोठं शहर पाहून आलं आणि बाजार रोडवरून गाड्या हटवायचं ठरलं. भिंतीभिंतीवर 'गाडी सोडा, पायी चला' रंगवलं. अर्ध्या रस्त्याचा लाल सायकल ट्रॅक झाला. उरलेल्या रस्त्याच्या कडेला म्हैस डुंबेल एवढाल्या सिमेंटच्या कुंड्या आल्या. गाडी कुठंच उभी करायची नाही. मग लावायची कुठं? तर ते म्हणे 'प्रस्तावित' आहे!

सायकल ट्रॅकवर सायकल सोडून सगळं आलं. आधी मासे विकणाऱ्या बाया टोपल्या घेऊन बसल्या, मग गाई बसल्या. धान निघाल्यावर शेतकऱ्यांनी पाहिलं, जागा सपाट, वाहनाचा त्रास नाही. त्यांनी तिथं धान वाळत घातलं. सायकलवाले बिचारे पहिल्यासारखेच रस्त्याच्या मधून जायला लागले.

आम्ही गाडीवाले कुरकुरलो आणि गप्प बसलो. झेंडा उचलला निंबार्ते काकांनी, ज्यांच्याकडं साधी सायकल नाही. "चारचाकीत बसलो का मले मळमळते," असं सांगणारा हा माणूस!

पण त्यालाही कारण होतं. गेल्या दिवाळीत सुधीर नवीन गाडी घेऊन आला, सोबत बायको आणि चार वर्षांची पोरगी. काकांच्या दारातच कुंडी. सुधीरनं गावाला तीन चकरा मारल्या आणि शेवटी बसस्टँडमागं गाडी लावली. पिशव्या आणि झोपलेली पोरगी उचलून घामाघूम होत घरी आला आणि संध्याकाळच्या आत निघालाही. जाताना म्हणाला, "बाबा, तुमच्याकडं गाडी लावाची सोय झाली का येतो."

दुसरा कोणी असता तर समजायचं ते समजला असता. काकांनी ते बोलणं मोजणीचा अर्ज म्हणून धरलं. पोरगा जेवत होता तेवढ्यात हे बसस्टँडमागं जाऊन त्याची गाडी मोजून आले होते. बारा फूट आठ इंच.

मग अर्ज सुरू झाले. टाइप करणारा मीच. माझी बोटं दुखायची, पण काकांचा आवाज बसायचा नाही. "लिही. पायी चाला म्हनता, चालतो. पण गाडी बंद कराच्या आधी बस चालू करा लागते. खेड्यातला माणूस आजारी बाई घेऊन दवाखान्यात येते, त्याची गाडी का कुंडीत पेराची?"

"काका, 'पेराची' अर्जात चालत नाही."

"काहून नाही चालत? तुह्या मशीनमध्ये अक्षर नाही का?"

नगरपरिषदेतल्या सुनावणीला मीही गेलो, तमाशा पाहायला. साहेबांनी विचारलं, "काका, तुमच्याकडं गाडी आहे?"

"नाही."

"मग तुम्हाला काय त्रास?"

"साहेब, मले वावर नव्हतं, तरी तीस वर्षं दुसऱ्याचे बांध मोजले."

सभागृह हसलं. साहेबांनी अर्ज फायलीत ठेवला आणि फाईल कपाटात गेली.

काका थांबतात होय! त्यांनी स्वतःच्याच घराची सरकारी मोजणी मागवली. कायद्यानं शेजाऱ्यांना नोटीस लागते, तर एक मला दिली, एक कुंडीवर चिकटवली. मोजणीवाले मशीन घेऊन आले. काकांनी त्यांच्यामागं टेप लावून मशीन तपासलं. आणि काय निघावं? नगरपरिषदेची कुंडी चक्क काकांच्या मालकीच्या जागेत! आयुष्यभर लोकांचं अतिक्रमण काढलेल्या माणसाच्या दारात अतिक्रमण! आठ दिवसांत क्रेन आली आणि कुंडी निमूट उचलून घेऊन गेली.

गाडीला रुंदी तरी कमीच पडत होती. काकांनी सब्बल घेतली आणि स्वतःचा ओटा फोडला. चुन्याची चौकट आखली, आत पाणी मारलं, आणि माझ्या दुकानात बसून फोन लावला.

"सुधीर, जागा झाली रे. पुरी खाजगी. कोणाच्या बापाची हिंमत नाही हटवाची."

"अरे वा! पाहतो बाबा, सुट्टी भेटली का," पलीकडून आवाज आला. "मीटिंगमध्ये हावो, मंग बोलतो."

त्यानंतरचे कितीतरी रविवार काका खुर्ची टाकून त्या चौकटीशेजारी बसले. बकरी आली की हाकलायची, मोटारसायकल लागली की भांडायचं. चुना पुसट झाला की पुन्हा आखायचा. मला दुकानातून ते बघवेना. सुधीरला फोन करून चार शिव्या द्याव्यात असं फार वाटायचं, पण आपण कोण?

एका सोमवारी काका दुकानात आले. अर्ज नव्हता, टेपही नव्हता.

"तुह्याकडे ते जुनी गाडी हाये ना? लावत जा माह्या दारात."

"काका, अन् सुधीर आला तर?"

"आला तं काढशील." त्यांनी झेरॉक्स मशीनवरचे कागद सारखे केले. "गाडी लावली का माणूस खाली उतरते ना बावा. उतरला का दोन शब्द बोलते. लई दिवस झाले, माह्या दारात कोणी उतरलं नाही."

 मी मान हलवली.

माझ्या घरापासून दुकान पायी दोन मिनिटं. बायको म्हणते, येडे झाले का? पण मी आता रोज सकाळी गाडी काढतो. काका रस्त्यात उभे राहून दोन्ही हातांनी "येऊ दे, येऊ दे" करत ती आत घेतात. मग मी उतरतो, आणि दुकान अर्धा तास उशिरा उघडतो.