अर्धा झिपऱ्या

"बस," मोठ्या बाई म्हणाल्या.

झिपऱ्या उभाच राहिला.

"बस म्हणते ना!" बाईंनी बोट उगारून आवाज चढवला. स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन येणारे त्यांचे यजमान दचकून होते तिथेच स्टुलावर बसले. झिपऱ्याने मात्र एक लांबलचक जांभई दिली आणि तो सोफ्याखाली निघून गेला.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की वर्गच्या वर्ग चिडीचूप होत आणि शिक्षकसुद्धा शर्टाची बटणे चाचपून बघत. अशा बाईंना घरात एक कुत्रा जुमानत नव्हता. नावाप्रमाणेच तो झिपरा होता. त्याचे पुढचे टोक कोणते आणि मागचे कोणते, हे शेपूट हलल्याशिवाय पाहुण्यांना कळत नसे.

कुत्रा खरा त्यांच्या धाकट्या भावाचा. त्याची दूरच्या शहरात बदली झाली, तिथल्या भाड्याच्या खोलीत कुत्रा चालत नव्हता, म्हणून "थोडे दिवस सांभाळ गं ताई," असे म्हणून तो झिपऱ्याला ठेवून गेला. दर रविवारी फोनवर चौकशी करी. पहिल्या रविवारी बाई म्हणाल्या, "मजेत आहे. 'बस' म्हटलं की बसतो." तिथेच थांबायला हवे होते. पण पुढच्या फोनला झिपऱ्या पंजा देऊ लागला, त्याच्या पुढच्या फोनला 'थांब' म्हटले की थांबू लागला, आणि परवा तर तो रोजचे वर्तमानपत्र दारातून आणून यजमानांच्या हातात द्यायला लागला. हे शेवटचे अगदीच खोटे नव्हते. वर्तमानपत्र तो आणायचाच, फक्त त्याचे बरेच तुकडे असायचे.

"एवढं सांगायचं कशाला?" यजमान म्हणाले होते.

"अहो, त्याला लहानपणी शिस्त मी लावली. माझ्याकडे कुत्रा बिघडला म्हणून सांगू? आणि तो काय बघायला येतोय थोडाच!"

आणि आज तो बघायला येत होता. दुपारच्या जेवणालाच येतो, असा सकाळी निरोप आला. थापा मारतो म्हणून याच भावाला बाईंनी एके काळी कोपऱ्यात उभे केले होते. आता स्वतःसाठी कोपरा शोधायची वेळ आली होती.

"निदान त्याला विंचरून तरी ठेवू," बाई म्हणाल्या. "दिसायला नीट असला की वागण्याकडे फारसं लक्ष जात नाही."

"शाळेत हेच करतेस का?" यजमानांनी विचारले. बाई कंगवा आणायला आत गेल्या, आणि बाहेर आल्या तो झिपऱ्या गायब. सोफ्याखाली नाही, पलंगाखाली नाही. शेवटी तो मागच्या खोलीत सापडला. तिथे बाईंनी शाळेच्या फळ्यासाठी पुठ्ठ्याची मोठमोठी अक्षरे कापून, त्यांना भरपूर गोंद लावून जमिनीवर मांडून ठेवली होती. 'शिस्त पाळा' असा मजकूर होता. झिपऱ्या त्यावर डाव्या कुशीवर आडवा होऊन गाढ झोपला होता.

बाई किंचाळल्या. झिपऱ्या उठला आणि डुलत डुलत बाहेर निघाला. त्याच्या कुशीवर ठळक लाल अक्षरांत 'शिस्त' चिकटली होती. 'पाळा' जमिनीवरच राहिले होते.

कुत्र्यांचे केस कापणाऱ्या दुकानात न्यायची सोय नव्हती. मागच्या खेपेला झिपऱ्याने तिथल्या माणसाच्या टेबलाचा पाय कुरतडला होता, आणि "बाई, पुढच्या वेळी आधी फोन करा, म्हणजे मी दुकान बंद ठेवीन," असे तो हात जोडून म्हणाला होता. तेव्हा यजमान पुढे सरसावले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. गुंता दिसला की त्यांचे हात शिवशिवत.

"हळूहळू सोडवतो," ते म्हणाले. पण गोंद वाळत चालला होता. 'शि' निघाली, ती मूठभर केस घेऊनच. 'स्त' कात्रीने काढावा लागला. तिथे जे भगदाड पडले, ते दिसू नये म्हणून यजमानांनी आजूबाजूचे केस जरा कमी केले. मग ते आजूबाजूचे आणि त्यापलीकडचे जुळेनात.

"अहो, किती कापाल?"

"एकसारखं नको का दिसायला? माझं दाढीचं मशीन आण."

दाढीचे मशीन झकास चालले. झिपऱ्याला त्याची गुणगुण आवडली असावी, तो डोळे मिटून पडून राहिला. डाव्या कानापासून शेपटीपर्यंत सगळी बाजू गुळगुळीत झाली. मशीन पाठीच्या कण्यापर्यंत आले, एकदा घरघरले आणि बंद पडले.

"चार्ज संपला," यजमान म्हणाले.

दोघे पाहत राहिले. उजवीकडून तोच झिपऱ्या होता, गुबगुबीत आणि केसाळ. डावीकडून एक बारीक, गुलाबीसर, अनोळखी प्राणी उभा होता.

तेवढ्यात बेल वाजली. इस्त्रीचे कपडे आले होते. यजमानांनी दार उघडले, कपडेवाल्याने आत पाहिले, "अरे बापरे!" म्हणून तो बाजूला झाला, आणि त्या फटीतून झिपऱ्या जिना उतरून पसार झाला.

बाई होत्या तशाच, गोंदाच्या हातांनी धावल्या. गल्लीच्या तोंडाशी फळे विकणाऱ्या आजी बसत.

"आजी, आमचा कुत्रा पाहिलात का? मोठा, केसाळ?"

"केसाळ नाही बाई. एक उघडाबागडा कुत्रा गेला आत्ता. हाडकुळा अगदी. कुणी उपाशी ठेवलंय कोण जाणे!"

"छे हो आजी!" रस्त्याच्या पलीकडून औषधांचा दुकानदार ओरडला. "केसाळच होता. मी डोळ्यांनी पाहिला. झुपकेदार, रुबाबदार."

"तुझ्याच दुकानातले थेंब घाल डोळ्यांत! अंगावर केस नव्हता त्याच्या."

"म्हणजे दोन कुत्रे असतील. पुढे एक, मागे एक."

"एकच होता!" हे मात्र दोघे एकदम म्हणाले, आणि मग त्यावरून त्यांचे अधिकच जुंपले. दोघेही खरे सांगत आहेत, हे भर रस्त्यात कबूल करायची बाईंची हिंमत झाली नाही. "धन्यवाद," एवढेच म्हणून त्या पुढे पळाल्या. मागून यजमान धापा टाकत येत होते.

पुढच्या चौकात वाहनांची वर्दळ होती. बाई कडेलाच थबकल्या. इतका वेळ भाऊ काय म्हणेल याची धास्ती होती, आता ती कुठल्या कुठे गेली. "अहो, तो गाडीखाली नसेल ना हो आला?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज असा यजमानांनी कधी ऐकला नव्हता. "मेला ऐकत नाही तर नाही ऐकत. कुरतडू दे काय कुरतडायचं ते. पण सापडू दे."

तेवढ्यात भुंकणे ऐकू आले. ते केशकर्तनालयातून येत होते.

आत दोन्ही भिंतींना आरसे होते. मधोमध झिपऱ्या उभा होता. एका आरशात त्याला एक केसाळ कुत्रा दिसत होता, दुसऱ्यात एक बोडका, आणि तो आळीपाळीने दोघांवर भुंकत होता. खुर्चीतले गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचा फेस घेऊन पाय वर करून बसले होते.

"बाई, तुमचा का हा?" केशकर्तनकाराने विचारले. "कुठली बाजू तुमची?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गुडघे टेकून झिपऱ्याला मिठीच मारली. गोंदाचे हात होते, दोघे जरा चिकटलेही.

गिऱ्हाइकाच्या संमतीने झिपऱ्याची उरलेली बाजूही तिथेच उरकली. कपाळावरची झुलपे शेवटी उतरली, आणि त्याखालून दोन तपकिरी, टपोरे डोळे बाहेर आले. झिपऱ्याने त्यांची उघडझाप केली. त्याने बाईंकडे पाहिले. इतक्या दिवसांत बाईंनी ते डोळे कधी पाहिलेच नव्हते.

घरी परतताना चौकात तो ओढ घेऊ लागला. बाईंचे बोट सवयीने वर गेले. "बस!"

झिपऱ्या बसला.

बाईंनी यजमानांकडे पाहिले, यजमानांनी झिपऱ्याकडे. "परत करून बघ," यजमान कुजबुजले. बाईंनी तळहात पुढे केला, "थांब." झिपऱ्या थांबला. हात खाली केला, "दे." झिपऱ्याने पंजा दिला.

"अहो, सगळं येतंय की याला! आणि मी ओरडत होते बिचाऱ्यावर. बोट दिसतच नव्हतं त्याला."

भाऊ जेवायला आला. झिपऱ्याचे ध्यान पाहून आधी त्याने कपाळाला हात लावला. "उन्हाळा सोसत नाही त्याला," यजमान पटकन म्हणाले. मग बाईंनी बोट वर केले. झिपऱ्या बसला, थांबला, त्याने पंजाही दिला. भाऊ थक्क झाला.

"ताई, मला वाटलं फोनवर थापा मारतेस! हे तर खरंच निघालं. आता माझी काळजीच मिटली. मोठं घर घेतलंय मी, अंगण आहे. आज संध्याकाळीच याला घेऊन जातो."

बाईंचा घास हातातच राहिला.

"आज? अरे, इतकी घाई कशाला? तसा तो... तसा तो काही ऐकत नाही फारसं."

"आत्ता तर ऐकलं त्यानं."

"ते आपलं आज. एरवी फार हट्टी आहे. वर्तमानपत्र फाडतो. टेबलाचे पाय खातो. अहो, सांगा ना!"

"अतिशय वाईट कुत्रा आहे," यजमान गंभीरपणे म्हणाले.

"बघच तू आता," बाई म्हणाल्या आणि उगाचच, बोट न उगारता, अगदी पुटपुटल्यासारख्या म्हणाल्या, "बस." आता डोळे उघडे झालेला झिपऱ्या त्यांच्या तोंडाकडेच टक लावून होता, तो तत्परतेने बसला. "ऊठ, जा तिकडे," म्हणाल्या, तर शहाण्यासारखा कोपऱ्यात जाऊन बसला. भाऊ हसून हसून बेजार झाला. "ताई, तुझ्या हाताखाली दगडसुद्धा सुधारेल!" कौतुक ऐकून बाईंना इतके वाईट याआधी कधी वाटले नव्हते.

संध्याकाळी भावाने पिशवी उचलली, झिपऱ्याच्या गळ्यात पट्टा अडकवला. बाई दाराशी पाठमोऱ्या उभ्या राहून उगीचच पडदा नीट करत होत्या.

"चल रे राजा," भाऊ म्हणाला.

झिपऱ्या चार पाय पसरून आडवा झाला.

"चल म्हणतो ना! ऊठ!" भावाने बोट उगारले, तळहात दाखवला, बिस्किट दाखवले, शेवटी पट्टा ओढला. झिपऱ्या फरशीवरून थोडासा घसरला आणि मग बाईंच्या पायांना पाठ लावून असा घट्ट बसला की पायपुसणेही त्याच्याबरोबर गोळा झाले.

"काय गं हा! अजिबातच ऐकत नाही!" भाऊ घामाघूम होऊन म्हणाला. त्याने एकदा बहिणीच्या तोंडाकडे पाहिले आणि पट्टा सोडून दिला. "राहू दे बाई तुझ्याकडेच."

मोठ्या बाईंनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की झिपऱ्याने मान वर करून पाहिले.

"सांगत नव्हते मी?" त्या अभिमानाने म्हणाल्या. "एक शब्द ऐकत नाही मेला!"