आनंदरावांचा ताठा

गणिताचे प्राध्यापक आनंदराव जिन्यात घसरले, पाय मुरगळला, आणि कॉलेजच्या विद्यार्थी प्रथमोपचार पथकाला स्थापनेनंतर पहिल्यांदाच पेशंट मिळाला. पथकाचा प्रमुख रुपराव शिटी फुंकतच धावून आला.

"सर, हालू नका!"

"नुसता मुरगळला गा. मले घरी जाऊ दे. पोरीच्या, जयवंताच्या सोयरिकीसाठी नानाजी येऊन राहिले."

"बोलूही नका सर. शॉक बसते."

नानाजी म्हणजे लकडगंजातले लाकडाचे व्यापारी, नवऱ्या मुलाचे बाप. त्यांना हुंड्यात स्कूटर हवी होती. आनंदरावांची ऐपत सायकलीपुरती. पण समोरच्याने काही मागितलं की त्यांची मान आपोआप डोलायची.

पथकाने सरांना स्ट्रेचरवर घातलं आणि पडू नयेत म्हणून गळ्यापासून घोट्यापर्यंत बँडेजने त्यालाच आवळलं. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकलं. आडवं वळेना, म्हणून उभं केलं. उभं करताना सरांची हनुवटी कठड्यावर आपटली. रुपरावला दुसरा पेशंट मिळाल्यासारखा आनंद झाला. त्याने जबडाही डोक्यावरून गच्च बांधला आणि डोकं स्ट्रेचरला जखडून टाकलं. मग स्ट्रेचरचा अडकलेला दांडा कापायला करवत हवी म्हणून सगळं पथक धावलं, आणि सर स्ट्रेचरसकट कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे राहिले.

घरी वाट पाहून कंटाळलेले नानाजी नेमके तेव्हाच कॉलेजात आले. नत्थू शिपायाने त्यांना वळणाखाली आणून सोडलं. जिन्यात अंधार, नानाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना दिसला तो कानटोपी घालून, छाती काढून उभा असलेला मुलीचा बाप.

"रामराम, प्रोफेसरसाहेब."

हात बांधलेले. नमस्कार झाला नाही.

"आम्ही तुमच्या घरी बसून राहिलो, अन् तुम्ही इथं! बरं, स्कूटरचं काय?"

आनंदरावांनी सवयीने मान डोलवायला घेतली. हलली नाही.

नानाजी चमकले. आजवर त्यांनी वाकलेलेच बाप पाहिले होते. "काहून? जास्त होते का?"

"म्म्."

"जुनी चालंन."

"म्म्!"

"बरं, सायकल द्या."

"म्म्म्म्!" म्हणजे 'देतो, आजच देतो!'

"रागावू नका गा! पोरगं पायी हिंडंन. नुसती पोरगी अन् नारळ द्या." वरची मान तशीच ताठ. नानाजींनी टोपी काढून घाम पुसला. "नारळ आम्हीच आणतो."

एवढ्यात रुपराव करवत घेऊन आला. दोन पायऱ्या खाली थबकून त्याने शेवटचं बोलणं ऐकलं. सरांचे डोळे भरून आलेले पाहून त्याला दया आली आणि त्याने आधी जबडा सोडला.

आनंदराव खरंच गहिवरले होते. एवढा मोठा माणूस, आणि आपल्यामुळे नारळावर आला!

"नानाजी," ते म्हणाले, "असं कसं? स्कूटर तं..."

रुपराव गणितात दोनदा नापास झाला होता, पण हा हिशेब त्याला चटकन कळला. पुढचा शब्द फुटायच्या आत त्याने जबडा पुन्हा आवळला.

"काय म्हणाले?" नानाजी दचकले.

"सर म्हणून राहिले, पुन्हा स्कूटरचं नाव काढाल तं सोयरीक मोडली."

"नाही काढत बापा!" नानाजींनी घाईने हात जोडले. "मुहूर्त तेवढा आपण सांगा."

"म्म्," आनंदराव म्हणाले.