तुकाईला माझे डोळे

आमच्या गावच्या तुकाईने काही वर्षं माझ्या डोळ्यांनी जग बघितलं आहे. बढाई वाटत असेल तर आष्टीच्या बाजारात कुणाही म्हाताऱ्याला विचारा! देवीची कृपादृष्टी झालेल्या बाया तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. देवीला दृष्टी पुरवणारी बाई मी एकटीच! त्याचं मला काय मिळालं ते सांगते. घाई करू नका, मीही चिकार वाट बघितली आहे.

लहानपणी माझा डावा डोळा नाकाकडे कलायचा. किंचितच! रुसले, दमले की जरा जास्त. माझे वडील रामराव, म्हणजे आबा, मला गाडीबैलाने परतूरला आणि तिथून निजामाच्या रेल्वेने जालन्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने माझ्यापुढे दिवा इकडून तिकडे नाचवला आणि म्हणाला, "चांगला डोळा रोज बांधून ठेवा. आळशी डोळ्याला काम करू द्या, सुधारेल. मगर जल्दी! पोरगी मोठी झाली की माझ्या हातात काही नाही."

आबांना बरोबर कळलं. "म्हंजे चांगला बैल सोडायचा आन कामचुकाराला जुपायचं!"

मायला मात्र बिलकुल पटलं नाही.

"आवं, चांगला डोळा बांधायचा आन वाकडा उघडा ठिवायचा? आधी त्या डाक्टरलाच कोन्ही दवापानी करा!"

"सोनू, बांधून तर बघू," आबा मायला म्हणाले.

"आधी मी तुकाईला चांदीचे डोळे वाहते. दिवाळीपर्यंत तिनं न्हाई ऐकलं, तर मंग बांधा तुमची चिंधी!"

असा सौदा ठरला. देवीला पहिला मान, डॉक्टरला दुसरा. मला कुणी विचारलं नाही. डोळा फक्त माझा होता ना!

माझे तान्हेपणीचे चांदीचे वाळे फडक्यात बांधून माय मला मार्तंड सोनाराकडे घेऊन गेली. आता नवसाचे डोळे कुठलाही सोनार झोपेतसुद्धा करतो. चांदीच्या दोन पत्र्या, मधोमध काळं बुबुळ, झालं! पण माय निघता निघता बोलून गेली, "मार्तंडभाऊ, नीट करा बरं. माझ्या सगुणाचे डोळे हायेत."

मार्तंड सोनार शब्दाला पक्का. त्याने मला समोर पाटावर बसवलं.

"हलू नगं. हिकडं बघ."

"बघूनच राह्यले की!"

"मंग ह्यो डावा कुठं बघून राह्यला?"

"त्याचाच तर नवस हाय!"

त्याने मान डोलावली आणि डाव्या पत्रीवरचं बुबुळ नाकाकडे सरकवून हुबेहूब बसवलं. माझ्यासाठी इतकं मन लावून कुणी काहीच केलेलं नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. नवसाची वस्तू म्हणून मायने पुडी उघडलीसुद्धा नाही, थेट भुजंग गुरवाच्या हातात दिली. भुजंगने नवरात्रात भल्या पहाटे, गाभाऱ्यातल्या मिणमिणत्या समईच्या उजेडात, मेण लावून ते डोळे देवीला चिकटवले.

सकाळी आरतीला पडदा सरला आणि टाळ जागच्या जागी थांबले.

"अगं बाई! तुकाई चकणी झाली!" शेजारची दुर्गाबाई किंचाळली.

सगळ्या गावाने देवीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा देवीकडे!

भुजंगला दरदरून घाम फुटला. चूक कबूल करावी तर पूजेचा मान जाणार! त्याने दोन्ही हात वर केले. "भ्या नगा! आईनं पोरीची नजर घेतली! दोघींची नजर आता एक!"

जयजयकार झाला. माय ढसाढसा रडली. मार्तंडने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, गर्दीकडे बघितलं आणि मुकाट मिटलं.

दिवाळी झाली. डोळा होता तिथेच होता. आबांनी धोतराची पट्टी फाडली, तेवढ्यात पाटील काकासाहेब दारात हजर!

"रामराव, देवीचा डोळा बांधून राह्यले का?"

"देवीचा कुठं? पोरीचा."

"एकच झालं ना! यंदा कापूस कसा आलाय बघा. उद्या काही इपरीत झालं, तर गाव कोनाच्या दारात यील?"

आबांनी पट्टी खिशात घातली. वर्षामागून वर्षं ती तिथेच राहिली. आणि मी? मी मजेत! लोक पेरणीचं बी आधी माझ्या नजरेखालून काढायचे, वर गूळ-खोबरं द्यायचे. गूळ खाणाऱ्या पोरीला मोठं होण्याची काय भीती!

मग एका वैशाखात मेण वितळलं आणि देवीचा डावा डोळा टपकन खाली पडला. घनसावंगीच्या एका जमीनदाराने लगेच नवे डोळे वाहिले. ते सरळ होते! गावाने पेढे वाटले. "आई बरी झाली! आई बरी झाली!" मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"आई बरी झाली, मंग हिचा का वाकडाच?" दुर्गाबाई म्हणाली. "हिचंच काहीतरी पाप असंल!"

त्याच आठवड्यात आबा मला जालन्याला घेऊन गेले. डॉक्टरने दिवा उचललासुद्धा नाही. "मी काय बोललो होतो? आता उशीर झाला." परतीच्या रेल्वेत आबांनी खिशातली पट्टी काढली आणि परतूर येईपर्यंत तिच्याकडे बघत बसले. मला देवीचा राग आला नाही. तिला बिचारीला लोक बसवतील त्या डोळ्यांनी बघावं लागतं. मला माणसांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढे "पापाची पोर" म्हणून चांगली स्थळं फिरकली नाहीत. मला बिजवराला दिली.

तरी दर नवरात्रात मी माहेरी येते आणि तुकाईसमोर उभी राहते. ती माझ्याकडे सरळ बघते. भुजंग गुरव मात्र चुळबुळत असतो.

"सगुणाबाई, माझ्याकडं असं काय बघून राह्यल्या?"

"तुमच्याकडं कुठं? मी देवीकडं बघून राह्यले. माझा डोळाच तसला, तुमाला ठावं न्हाई का?"

तो मान खाली घालतो आणि घाईघाईने प्रसाद देतो.

खरं सांगू? मी त्याच्याकडेच बघत असते. चांगल्या डोळ्याने!