मिशीतलं मॉलिब्डेनम

पूड मोजताना मास्क नाकावर असावा, एवढाच काय तो नियम. पण काकांची मिशी त्याखाली दबायची. स्फटिक वाढवणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळेच त्यांना काका म्हणत, आणि काका मिशीला तळहाताच्या फोडासारखे जपत. विभागप्रमुख बाईंनी कितीदा टोकलं. काका हो हो म्हणायचे आणि मास्क खुशाल ओठांखाली सरकवायचे.

व्हायचं तेच झालं. काकांना शिंक आली.

समोर तराजूवर मॉलिब्डेनमची पांढरी पूड होती. एकाच धातूच्या अणूंमध्ये हलके-जड भाऊ असतात. त्यांतला एकच भाऊ वेचून केलेली ही पूड, वेचायला वर्षं लागलेली. तिच्यातून स्फटिक वाढवायचा, तो खोल बोगद्यात ठेवायचा आणि त्यातला एखादा अणू कधी फुटतो याची वाट बघायची. पूड कमी पडली तर स्फटिक आखूड निघणार, आणि बाईंनी आयुष्यभर केलेली खटपट पाण्यात. दुसरी पूड मिळणार नव्हती.

"काका, हलू नका," बाई म्हणाल्या. "श्वाससुद्धा बेतानं घ्या."

टेबल झाडून झालं, हातमोजे धुतले, अॅप्रन भिजवला. तरी वजन भरेना. मग सगळ्यांच्या नजरा एकाच जागी वळल्या. काळीभोर मिशी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होती.

"मी घरी जाऊन धुतो," काका पुटपुटले.

"घरी? ती मिशी आता प्रयोगशाळेची आहे," बाईंनी अडवलं.

काकांना काचेच्या भांड्यावर ओणवं केलं. पांढरं निघून जाईल आणि काळं राहील, असा सगळ्यांचा हिशेब. झालं भलतंच. पाणी काळंकुट्ट झालं आणि मिशी राहिली पांढरीशुभ्र. सकाळचाच ताजा कलप होता. कुणी हसेना, हीच मोठी पंचाईत.

"काका," बाई शांतपणे म्हणाल्या, "आता पूड कुठली आणि तुम्ही कुठले, कसं ओळखायचं?"

कलपात काय काय असतं देव जाणे, आणि या कामात कणभर मळही चालत नाही. सगळी पूड पुन्हा विरघळवून, गाळून शुद्ध करणं आलं. केसांच्या मुळाशी चिकटलेली पूडही हवीच होती. काकांनी डोळे मिटून मिशी स्वतःच्या हातानं भांड्यात उतरवली. घरी बायको हसून हसून खाली बसली आणि म्हणाली, "आत्ता कळलं, तुम्ही मिशी का ठेवली होती."

वजन कसंबसं भरलं. मुशीतल्या रसातून स्फटिक हळूहळू वर येऊ लागला. काका त्याच्यासमोर ठिय्या देऊन बसायचे. तिकडे स्फटिक वाढत होता, इकडे मिशी. बाईंनी मात्र फर्मान काढलं, यापुढे त्या खोलीत कलप लावून कुणी यायचं नाही.

स्फटिकाच्या तपासणीचा निकाल आला त्या दिवशी काका पांढरी मिशी घेऊन, थट्टा ऐकायच्या तयारीनं आत शिरले. टेबलावर स्फटिक होता, आरपार दिसणारा. दुसऱ्यांदा शुद्ध केल्यामुळे इतका निर्मळ स्फटिक इथे आजवर वाढला नव्हता. काकांना भरूनच आलं.

तेवढ्यात बाईंनी डोक्यावरची टोपी काढली. केस कापसासारखे पांढरे. मागोमाग बाकीच्यांनीही काढल्या, आणि निम्मी प्रयोगशाळा एका क्षणात म्हातारी झाली.

"बघताय काय? नियम मीच केला ना," बाई म्हणाल्या.

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "बाई, यातला अणू फुटेल कधी?"

"फुटेल तेव्हा फुटेल. म्हातारं दिसायची भीती तर गेली, आता निवांत वाट बघू."