म्हशीबरोबरची माणसं

सकाळी सात वाजता गोजरबाईनं गोठ्यातूनच हाळी दिली, "अवो, मोगरीनं वैरण सोडली!"

गोरक्षनाथांच्या तोंडातली राखुंडी तोंडातच राहिली. बोरखडी गावात माणसानं जेवण सोडलं, तर त्याला रुसला म्हणतात आणि दुर्लक्ष करतात. म्हशीनं वैरण सोडली, तर मात्र अर्धं गाव गोठ्यात येतं. त्यातून टाळेबंदीचा हा दुसरा महिना. घोडेगावचा जनावरांचा बाजार बंद, चहाची टपरी बंद, लग्नं बंद, भांडणंसुद्धा लांबून करायची. अशा दिवसांत म्हैस आजारी पडणं म्हणजे गावाला जत्राच होती.

खरी गोष्ट अशी होती की मोगरीला काहीही झालं नव्हतं. गोजरबाईनं पहाटे उठून तिला दोन भारे हिरवी मका खाऊ घातली होती. इतकं खाल्ल्यावर वाळल्या कडब्याकडे कोणती म्हैस ढुंकून बघेल? जनावरांच्या डॉक्टरचा दवाखाना मात्र साळवंडीला होता, आणि साळवंडीला गोजरबाईची एकुलती एक लेक रुपाली दिली होती. रुपालीला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. सातव्यातच तिला आणायला हवं होतं. पण संक्रांतीला वाण घेऊन गेलेली लेक त्यानंतर दिसलीच नव्हती. साळवंडी फक्त अकरा किलोमीटर. पोरीला अमेरिकेत दिली असती, तर निदान लांब दिली म्हणून रडता तरी आलं असतं.

आणि ही वाट अडवली होती कुणी? गोजरबाईच्या नवऱ्यानंच. गोरक्षनाथ गावच्या दक्षता समितीचे अध्यक्ष. गावाच्या दोन्ही वाटांवर त्यांनी स्वतः उभं राहून बाभळीच्या काटेरी फेसाट्या टाकून घेतल्या होत्या. वेशीवर फळा लावला होता : 'बाहेरून येणारास, मग तो कोणीही असो, चौदा दिवस शाळेत राहावे लागेल.' 'कोणीही असो'च्या खाली दोन रेघा होत्या. त्या ओढल्या, तेव्हा रुपालीला आणायचं ठरलं नव्हतं. नंतर रेघा पुसायच्या कशा? गाव आधीच दोन तटांत वाटलं गेलं होतं. अर्धं गाव म्हणे, बंद ठेवा. अर्धं म्हणे, पुरे झालं, उघडा. टपरीवाला वैजनाथ उघडावाल्यांचा पुढारी. तो रोज वेशीवर येऊन अध्यक्षांना ऐकवायचा, "आबा, कोरोना मारंल तवा मारंल, तुमचा फळा आदी मारतोय."

त्यामुळे गोरक्षनाथ लेकीचं नावही काढत नसत. फक्त संध्याकाळी माळवदावर चढून फोन लावत. रेंज यायची आणि जायची. रुपालीचा चेहरा मोबाईलवर अर्ध्या हसण्यात अडकून थांबायचा. फोन तुटला, तरी ते तो अडकलेला चेहरा बघत बसत. त्यांना लेकीची फार आठवण येत होती, आणि हे सांगायला गावात एकही माणूस नव्हता. कारण सगळ्यांना त्यांनीच घरात बसवलं होतं.

आठ वाजेपर्यंत गोठ्यात गर्दी झाली. जनावरांच्या मुलखात प्रत्येक माणूस अर्धा डॉक्टर असतो. बाजारात तीस वर्षं दलाली केलेला आसाराम मोगरीच्या कानाला हात लावून म्हणाला, "कान गार हाय. लक्षन बरं न्हाई."

"पोट फुगलंय," शेजारची चांगुणा म्हणाली.

"तार गिळली असंल," वैजनाथ म्हणाला. "आमच्या मामाची म्हस आशीच गेली. दुपारपत्तुर."

मोगरी तृप्तपणे डोळे मिटून उभी होती. तेही लक्षण धरलं गेलं.

गोरक्षनाथांनी तिची पाठ चाचपली, शेणाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. गोजरबाई खराट्याच्या काड्या मोजू लागली. 

"साळवंडीला न्यावी लागंल," गोरक्षनाथ म्हणाले. "म्हस येक, मानूस येक. गोजरा जाईल."

पण म्हैस काय कडेवर बसून जाणार? टेम्पो हवा. नूरुद्दीनचा टेम्पो दोन महिने लिंबाखाली उभा होता. त्याच्या टपावर चिमण्यांनी संसार मांडला होता. निरोप पोहोचायच्या आत तो टेम्पो घेऊन दारात हजर. शेजारी त्याची बायको इमामबी, नवी साडी नेसून.

"भाभी कशाला?" गोरक्षनाथांनी विचारलं.

"यांना बीपी हाय, आबा," इमामबी म्हणाली. "वाटंत चक्कर आली म्हंजी? गाडीत आजारी म्हस हाय, तिच्या जिवाला धोका."

म्हशीच्या जिवाचं नाव निघाल्यावर नाही म्हणायची सोय राहिली नाही. तेवढ्यात आसाराम म्हणाला, "मोगरी टेम्पोत चढताना मागं सरती. तिला मीच धरावी लागती." चांगुणा म्हणाली, "आन ती माझ्या आवाजाबिगर पान्हा सोडत न्हाई. डॉक्टरनं दुदाची तपासनी करायची म्हनली तर?" राहता राहिला वैजनाथ. तो घरी जाऊन स्टोव्ह आणि किटली घेऊन आला.

"तू रं कशाला?"

"म्हशीला वाटंत गुळाचं कोमट पानी लागंल. तुमाला येतंय करायला?"

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि समितीच्या परवानगीच्या चिठ्ठीवर 'माणूस एक'चं 'ड्रायव्हर सोडून माणसे पाच' केलं. स्वतः जावं असं त्यांच्या फार मनात होतं. पण अध्यक्षच वेस ओलांडून गेला, तर उद्या फेसाटी जागेवर राहणार नव्हती. टेम्पो सुटताना ते खिडकीपाशी आले आणि गोजरबाईला म्हणाले, "डॉक्टरला नीट इचार. आन तिकडं... कुनी भेटलंच, तर बरी हाय का तेवढं बग."

टेम्पो डांबरीवर लागला. दोन महिन्यांनी माणसं रस्ता बघत होती. रस्ता तोच, ऊस तोच, कडेचा बंद ढाबाही तोच. पण सगळे असे बघत होते की जणू काशीला निघालेत. आसाराम मोगरीच्या गळ्यात हात टाकून उभा होता. "आज शुक्रवार," तो म्हणाला, "बाजाराचा दिस. या टायमाला इथं गाड्यांची रांग आसायची."  त्याला बाजाराचा धुरळासुद्धा हवा होता.

फाट्यावर पोलिसांचा नाका होता. उंबराच्या हिरव्यागार फांद्या आडव्या टाकून रस्ता अडवला होता. हवालदारानं काठी आपटली.

"कोण आजारी आहे?"

"म्हस," नूरुद्दीन म्हणाला.

"मग हे सगळे कोण?"

"तिची मानसं, सायेब."

हवालदारानं चिठ्ठी वाचली. "वैरण सोडली आहे, असं लिहिलंय."

"कालपासनं काडी न्हाई खाल्ली," चांगुणानं दुःखानं सांगितलं.

नेमक्या त्याच वेळी मोगरीनं फळीवरून मान लांबवली, नाक्याची एक फांदी ओढली आणि पानं ओरबाडायला सुरुवात केली. पहाटेची मका जिरली होती. बघता बघता तिनं शासनाचा अर्धा अडथळा फस्त केला. चांगुणानं तोंडाला पदर लावला.

आसाराम मात्र बाजारात मुरलेला गडी. त्यानं हात जोडले. "सायेब, काय गुन हाय तुमच्या जागंला! म्हस खायाला लागली की!"

"मग आता दवाखान्यात कशाला जाता? फिरा मागं!"

तेव्हा गोजरबाई खाली उतरली. तिला आता खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "सायेब," ती म्हणाली, "म्हस बरी हाय. माझी लेक साळवंडीला हाय. आठवा महिना हाय तिला. चार महिनं तोंड बगितलं न्हाई. येवढंच."

हवालदारानं काठी खाली ठेवली. मग त्यानं वैजनाथच्या किटलीकडे पाहिलं. "त्यात काय आहे?"

"पानी. चा करू का, सायेब?"

"दोन महिने घरी गेलो नाही, मावशी," हवालदार म्हणाला. "मुलगी चालायला लागली म्हणे. फोनवर दाखवतात." चहा होईपर्यंत तो मुलीबद्दल बोलला. चहा पिऊन झाल्यावर त्यानं उरलेली अर्धी फांदी स्वतः बाजूला केली. "पाचच्या आत परत या. आणि म्हशीला जरा आजारी दिसू द्या."

साळवंडीच्या डॉक्टरनं मोगरीला तपासलं आणि विचारलं, "हिला मका कुणी इतकी घातली?" तो विषय तिथंच संपला, कारण नूरुद्दीनच्या फोनवरून निरोप गेल्यामुळे दवाखान्याच्या आवारात रुपाली आली होती. संगतीला तिचा नवरा अमृत, आणि त्याच्या हातात कपड्यांची पिशवी. गोजरबाईनं मनाशी ठरवलं होतं, लांबूनच बघायचं, हात लावायचा नाही, रोगाचे दिवस आहेत. पण लेक आपलं पोट सांभाळत हळूहळू चालत येताना दिसली, आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली.

"आये, रडू नको," रुपाली म्हणाली, "मी येतीय तुझ्यासंगं. पिशवी पाडव्यालाच भरून ठिवलीय."

"अगं, तुझ्या बापाचा फळा हाय वेशीवर."

"आसू दे. ऱ्हाईन की चौदा दिस शाळंत. इथं तुझ्या आठवनीनं घास उतरंना मला."

अमृतनं सासूकडे बघून होकाराची मान डोलावली. त्याच्या आईचंही म्हणणं तेच होतं. रुपालीला पुढं इमामबीजवळ बसवलं. नाक्यावर हवालदारानं माणसं मोजली, एक जास्त भरलं, तरी त्यानं चिठ्ठी घडी करून परत दिली.

चार वाजता टेम्पो बोरखडीच्या वेशीवर थांबला. फेसाटीपलीकडे गोरक्षनाथ समितीच्या दोन माणसांसह उभे होते. दुपारपासून ते तिथंच होते. रुपाली खाली उतरली. गोरक्षनाथांनी एक पाऊल पुढं टाकलं, आणि त्यांना आपलाच फळा दिसला. पाऊल तिथंच थांबलं.

गाव गोळा झालं होतं. आता अध्यक्ष काय करतात, हे सगळ्यांना बघायचं होतं. लेकीला घरी नेलं असतं, तर उद्यापासून गावाला वेसच राहिली नसती.

"रुपे," ते म्हणाले, "शाळंत ऱ्हावं लागंल, बाय."

"व्हय, आबा."

"मग मी बी तिच्यासंगं ऱ्हाती," गोजरबाई म्हणाली. "मी बी बाहीरनंच आली की."

हे ऐकून चांगुणाच्या डोक्यात उजेड पडला. घरी तिला दोन महिने भिंतीशी बोलावं लागत होतं. शाळेत गोजरबाई, इमामबी, रुपाली, चौदा दिवस! "आन मी काय घरातनं आली का?" ती ओरडली. "मी बी शाळंतच!"

"आमी दोगं बी," इमामबी म्हणाली.

आसाराम आधीच शाळेच्या दिशेनं चालायला लागला होता. सगळ्यात मोठा आवाज लागला तो वैजनाथचा. "नियम सगळ्यास्नी सारका पायजे, आबा! 'कोनीबी आसो' लिवलंय तुमी. माझ्या एकट्यावर सूट म्हंजी अन्याय हाय!"

फळ्याची इतकी कडक अंमलबजावणी आजवर झाली नव्हती.

त्या दिवसापासून शाळेतून हसण्याचे आवाज येऊ लागले. खिचडीच्या चुलीवर वैजनाथचा चहा दिवसातून सहा वेळा व्हायचा. गोजरबाई लेकीसाठी मासवड्या थापायची, इमामबी तिचे केस विंचरायची, आसाराम बाजारातल्या खोट्या गोष्टी खऱ्या करून सांगायचा. सुटलेलं गाव घरात कोंडलेलं होतं आणि कोंडलेली माणसं मजेत होती. तिसऱ्या दिवशी गावातल्या आणखी चार म्हशींनी वैरण सोडली. अध्यक्षांनी त्या चारही म्हशी तपासल्या आणि मालकांना हाकलून दिलं.

पण अध्यक्षांचं स्वतःचं काय? घरात ते एकटे. भाकरी एका बाजूनं करपायची आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची. चांगुणा नसल्यानं मोगरी पान्हा चोरायची. सकाळ-संध्याकाळ ते शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहत. रुपाली ओसरीवर, हे फाटकात, मधे पटांगण.

"बरी हाय का?"

"बरी हाय!"

पुढचं त्यांना ओरडून विचारता येत नसे. बाळ हलतं का, रात्री झोप लागते का, बापावर राग तर नाही ना? हे पटांगण ओलांडून विचारायचे प्रश्न नव्हते. ते तसेच घरी परत येत. चार महिने लेक अकरा किलोमीटरवर होती, तेव्हाही इतकी लांब वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी गोरक्षनाथ वेशीवर आले. काखेत वळकटी होती. समितीची दोन माणसं पहाऱ्यावर बसली होती. त्यांच्या देखत अध्यक्षांनी धोतर सावरलं, फेसाटी बाजूला केली, हद्दीपलीकडे दोन पावलं गेले, तिथं क्षणभर उभे राहिले आणि परत आले.

"लिवा नाव," ते म्हणाले.

"कुनाचं, आबा?"

"माझं. बाहीरगावी गेल्तो."

"आवो, दोन पावलं तर गेलात—"

"हद्द म्हंजी हद्द. आन माझ्या जागी आता तुमी बघा."

शाळेच्या ओसरीवर ते चढले.  वैजनाथनं आणखी एका कपाचं आधण ठेवलं. गोजरबाईनं लेकीच्या शेजारची चटई सरकवून जागा केली आणि मग एकदम तिच्या ध्यानात आलं.

"आवो, आन मोगरी? तिच्याकडं कोन बगनार?"

"मागं लिंबाला बांदलीय," गोरक्षनाथ वळकटी सोडत म्हणाले. "ती बी गेल्ती की साळवंडीला. तिला येकटीला घरी कसं ठिवायचं?"

रुपाली पोट धरून हसायला लागली. हसता हसता तिनं बापाचा हात घेतला आणि पोटावर ठेवला. आत काहीतरी हललं. गोरक्षनाथांनी हात तसाच ठेवला, आणि चहा गार झाला तरी उचलला नाही.