लाइन गेल्यावरची हवा

आमच्या समोरचे मेश्राम काका कोणत्याही वस्तूशी पहिली ओळख कानानं करून घेतात. आमच्याकडे नवा फ्रिज आला, तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू लावायच्या आधीच काका आत आले, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि फ्रिजच्या कुशीला कान टेकवून उभे राहिले. मग म्हणाले, "चांगला हाय. पण रडका हाय." दिवाळीपर्यंत फ्रिज खरंच कण्हायला लागला. काकांनी तसं म्हटलं म्हणूनच तो कण्हायला लागला, असं बाबा अजूनही मानतात.

काका आर्णीतल्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागलं आणि काकांनी घराच्या ओसरीत वर्कशॉप थाटलं. सायकल, मिक्सर, शिलाई मशीन, काहीही आणा. पण पावसाळ्यात एकच काम मुख्य, फवारणीच्या पंपांचं. कपाशीवर औषध मारायचा पंप पाठीवर असतो आणि त्याच्या नळीच्या टोकाला नोझल. नोझलचं भोक सुईच्या टोकाएवढं. त्यात कचरा अडकला की फवारा बंद. काका कॉम्प्रेसरच्या हवेनं ते मोकळं करून देत.

तो कॉम्प्रेसर त्यांनी जिनिंगच्या भंगारातून जमवला होता. टाकी एका मशीनची, मोटर दुसऱ्याची, चाकं कुठल्याशा हातगाडीची. त्या वर्षी जूनमध्ये टाकीच्या बुडाला गंजून तिसरं भोक पडलं, तेव्हा वेल्डरनं हात जोडले. "काका, हे टाकी नाही, बॉम्ब हाय. मले लहान लेकरं हायेत."

झालं. नवीन कॉम्प्रेसर घ्यायचं ठरलं आणि माझी गरज निर्माण झाली.

"तू इंग्रजी शाळेतली," काका म्हणाले. "कागद सारे इंग्रजीत असते. तुले वाचता येते."

वाचता येत होतंच. यवतमाळच्या बसमध्ये मी माहितीपत्रक हळू आवाजात वाचत होते आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. "डिस्प्लेसमेंट" म्हटलं की काका म्हणत, "म्हंजे एका मिनिटात किती हवा गिळते थे." पंधरा वर्षं इंग्रजी शाळेत घालवून मी फक्त उच्चार शिकले होते, हे त्या एका प्रवासात स्पष्ट झालं.

पहिल्या दुकानातल्या सेल्समननं लाल रंगाचा, चकचकीत, छोटा कॉम्प्रेसर दाखवला. "दोन मिनिटांत टाकी फुल्ल, काका."

"भरते थे समजलं. भरल्यावर पुरते किती?"

सेल्समनला असं कोणी विचारलं नसावं. काकांनी खिशातून रुमालाची गाठ काढली आणि सोडली. आत तुंबलेली चाळीस नोझलं. ती त्यांनी काउंटरवर ओळीनं मांडली. मी दुसरीकडे बघत राहिले, जणू आम्ही एकत्र आलोच नव्हतो.

"भर टाकी. भरली? आता बटन बंद कर. समज, लाइन गेली."

"पण लाइन आहे ना, काका."

"यवतमाळात हाय, बाप्पा. आमच्याकडं दिवसाचे बारा तास नसते. कर बंद."

बटण बंद झालं. काकांनी एकेक नोझल उचलून हवा मारायला सुरुवात केली. चौदाव्या नोझलला हवेनं नुसता उसासा टाकला. "लेकरू हाय अजून," काका म्हणाले आणि उरलेली नोझलं रुमालात बांधली.

दुसऱ्या खेपेला दुसरं दुकान. तिथली टाकी मोठी होती. काकांनी कान लावला, भुवया वर केल्या आणि मालकाकडे अंगाचा साबण मागितला. मालकानं तो दिला, याचं मला आजही नवल वाटतं. काकांनी साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर चोपडलं. एका जागी बारीकसा बुडबुडा फुगला.

"हा झोपेत हवा सोडते," काकांनी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं. आम्ही रिकाम्या हातानं परत.

काकू ओसरीवरच बसल्या होत्या. "नाही जमलं? माह्या येळेस दहा मिनिटात हो म्हणून मोकळे झालते. मले कान लावून पाह्यलं नाही ना साबण लावून पाह्यला."

"तुहा आवाज बाहेरूनच आयकू येत होता," काका म्हणाले.

हसायचे दिवस मात्र संपत आले होते. फवारणी सुरू झाली. लोक पंप घेऊन यायला लागले आणि काकांजवळ हवा नव्हती. ते सायकलचा पंप आणि ब्रशचा एक केस घेऊन फाटकाजवळ बसत. एका नोझलला पंधरा मिनिटं लागत. एक दिवस एक अनोळखी माणूस कंटाळून म्हणाला, "राहू द्या काका, मी फुकून घेतो." आणि त्यानं नोझल तोंडाशी नेलं.

काकांनी त्याच्या हातावर असा फटका मारला की नोझल नालीत जाऊन पडलं. "जहर लागलं हाय त्याले! मराचं हाय का तुले?" माझ्या खोलीच्या खिडकीतून मी पाहत होते. काकांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग ते नालीत हात घालून ते नोझल शोधत राहिले.

तिसऱ्या खेपेला पुन्हा पहिलंच दुकान. आता खुद्द मालक पुढे आला. बेल्टवर चालणारा, मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर त्यानं गोदामातून काढून आणला. टाकी भरली, बटण बंद झालं, नोझलं मांडली गेली. मालक हसत म्हणाला, "काका, घरच्या वर्कशॉपसाठी एवढी परीक्षा? लाइन गेली तर थांबतील लोक."

काका एकविसाव्या नोझलवर होते. हात न थांबवता बोलले.

"नाही थांबत. दोन वर्षाआधी माहा दोस्त आलता, देवराव. जिनिंगात संगच होतो. लाइन नव्हती, टाकी रिकामी. म्हटलं बस, चारले येते लाइन. थो म्हणे, वारा पडला हाय, आता मारून घेतो. मंग मीच म्हटलं, जाय मंग, तोंडानं फूक न्‌ काम भागव." त्यांनी बाविसावं उचललं. "दिवसभर तसंच फुकून फुकून मारलं त्यानं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच जीव गेला त्याचा. आता थोच पंप कांताच्या पाठीवर हाय, त्याच्या घरवालीच्या. तिचं नोझल लाइन नसली तरी निघालं पाह्यजे."

माझ्या हातात माहितीपत्रक होतं, त्याची घडी मी घालत राहिले. चाळीसावं नोझल मोकळं झालं तेव्हाही टाकीत हवा होती. काकांनी कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"हा देजा," ते म्हणाले.

कॉम्प्रेसर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी अकराला लाइन गेली. फाटकाशी चारपाच माणसं पंप घेऊन उभी होती. सगळ्यांत पुढे कांताबाई. मी काकूंना डबा परत द्यायला गेले होते, ती तिथेच थांबले.

"मेश्राम भाऊ, पट्टा तुटला हाय फक्त. तेवढा शिवून द्या."

"नोझल दे."

"नोझल साफ हाय. मंगळवारीच त तुम्ही केसानं काढून देल्लं."

"दे त खरी."

तिनं ते फिरवून काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. काकांनी पुढून हवा मारली, मागून मारली. उजेडाकडे धरून एक डोळा मिटून भोकातून पाहिलं. पुन्हा मारली. साफच नोझल ते, त्यातून काय निघणार? मागच्या एकानं खाकरून पाहिलं, तर काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो खोकला गिळूनच बसला. टाकीचा काटा खाली येत होता आणि काका पुन्हा नोझल उजेडाकडे धरत होते.

कांताबाईनं पंप खांद्यावरून उतरवला, पायरीवर बसली, पदरानं मान पुसली.

"होऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "मले घाई नाही."