दौलतकाकांच्या वसीयतीची ट्रायल

दौलतकाका बाजारात दिसले की आमच्या पांढुर्ण्यातला चपलेचा दुकानदार शटर अर्धं खाली ओढतो. काका चप्पल पायात घालून दुकानात दोन पावलं टाकत नाहीत. ती घालून थेट स्टेशनपर्यंत जातात, तिथे कोणाशी तरी गप्पा मारतात, परत येतात आणि सांगतात, "डावी चावते." पलंग घ्यायला गेले तेव्हा दुकानातच दुपारची झोप काढली. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जात होती आणि दुकानदार बिचारा त्यांच्याकडे पंखा वळवून बसला होता.

काकांचं मोटारपंपाचं दुकान. दुकानासमोर सिमेंटचा हौद. प्रत्येक मोटार गिऱ्हाइकासमोर त्या हौदात सोडायची, पाणी नीट फेकते का ते दाखवायचं, मगच बिल करायचं. धंद्यासाठी ही पद्धत चांगलीच, तालुक्यात नाव झालं त्यांचं. पण काकांनी ती घरात आणली, लग्नकार्यात आणली आणि शेवटी माझ्या वकिलीत आणली. "आधी चालवून पाहू" हे त्यांचं वाक्य कानावर पडलं की आजही माझं ब्लडप्रेशर वाढतं.

त्यांच्या मोठ्या मुलाचं, गजाननचं लग्न होतं. बँड ठरला. लग्नाच्या आठवडाभर आधी काकांनी अख्खा बँड घरासमोर बोलावून वाजवून घेतला. गल्लीतली पोरं नाचली. सौंसरहून कामानिमित्त आलेले एक दूरचे पाहुणे तो आवाज ऐकून घाबरले, आपल्याला तारीखच चुकली असं समजून बाजारातून आहेराचं भांडं घेऊन धावत आले. काका त्यांना म्हणाले, "बसा, बसा. हे टेस्टिंग चालू हाय."

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. वकिलीची सनद मिळाली तेव्हा पेढे घेऊन गेलो. पेढा हातात धरून म्हणाले, "आधी माह्याशी भांडून दाखव. माही भिंत तुह्या जागेत हाय म्हन." त्यांच्या ओसरीत उभा राहून मी घसा बसेपर्यंत भांडलो. मग त्यांनी पेढा तोंडात टाकला. "मुद्दे बराबर हायेत. पन आवाज दबून राहिला तुहा." तेव्हापासून त्यांच्या घरचं कोर्टकचेरीचं सगळं माझ्या डोक्यावर आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस काका सकाळीच आले. चेहरा उतरलेला. आमच्या गल्लीतला एक माणूस काही लिहून न ठेवता गेला होता आणि तेरवी व्हायच्या आत त्याच्या घरात चुली वेगळ्या झाल्या होत्या. काकांनी ते पाहिलं होतं.

"वकील, मी गेलो त बाईचं काय?"

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, शांताबाई. आम्ही सगळे तिला आत्या म्हणतो. तरुणपणीच नवऱ्याचं घर सोडून आली ती परत गेली नाही. काकू गेल्या तेव्हा गजानन आणि धाकटा प्रमोद शाळेत होते. त्यांचं सगळं आत्यानंच केलं. मी काकांना कायदा सांगितला. वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, नसेल तर सगळं दोन्ही मुलांना जातं. मुलं असताना बहिणीला काही मिळत नाही.

"म्हंजे बाई बाहेर?"

"कायद्यानं तिचा हक्क नाही, एवढंच. मुलं काढतील असं नाही."

"पोरं चांगलीच हायेत," काका म्हणाले. "पन कायद्यात चांगलेपन लिहेल नाही ना."

घर, दुकान, मोहगावजवळचा संत्र्याचा बगीचा, सगळं काकांनी स्वतः कमावलेलं. त्यामुळे अडचण नव्हती. मी मसुदा केला. दुकान गजाननला, बगीचा प्रमोदला, घर दोघांना. पण समोरची खोली, रसोई आणि नहाणीघर आत्याला ती जिवंत असेपर्यंत वापरायचा हक्क, तिला कोणी काढू शकणार नाही. सरळ काम होतं. साक्षीदारांपासून वैताग सुरू झाला.

दोन साक्षीदार पाहिजेत म्हटल्यावर काकांनी गल्लीतल्या रिटायर्ड हेडमास्तरांना बोलावलं आणि त्यांना आमच्या गच्चीवर चढून यायला सांगितलं. "माह्या आधी गेले त साक्ष कोन देईन?" म्हणे. हेडमास्तर धापा टाकत खाली आले आणि रागारागानं घरी गेले. त्यांना मी हातापाया पडून परत आणलं. एकदाची सगळी जमवाजमव झाली. उद्या रजिस्ट्रारकडे जायचं, आणि आज संध्याकाळी काका कागद हातात घेऊन म्हणतात, "आधी चालवून पाहू."

मी खुर्चीवरून उठलोच. "काका, ही वसीयत आहे. माणूस मेल्यावर चालते ही."

"म्हनूनच त म्हनतो. मी मेल्यावर बिघडली त दुरुस्त कोन करन? मोटार विहिरीत सोडायच्या आधी हौदात चालवतो का नाही आपन?"

इतकी वर्षं कोर्टात उभा राहतोय, पण असा मुद्दा कोणत्याच वकिलानं माझ्यासमोर मांडला नाही. काकांचं ठरलं होतं. ते जामसांवलीला मारुतीच्या देवळात जाणार, धर्मशाळेत दोन-चार दिवस राहणार, फोन बंद ठेवणार. मी त्यांच्या घरी जाऊन वसीयत वाचायची. घरच्यांनी काका नाहीत असं समजून वागायचं. आणि मी पाहायचं.

गजानन भडकला. "लोकं काय म्हनतीन, वकीलसाहेब? जितेपनी बाप मेला म्हनून सांगू का मी?" प्रमोद सौंसरच्या शाळेत शिक्षक आहे, तो शाळेतून दमून आला होता, त्यानं नुसता कपाळावर हात मारला. आत्या तांदूळ निवडत होती. म्हणाली, "जाऊ द्या ना त्याले. तेवढीच घरात शांतता."

काका सकाळच्या बसनं गेले. मी वसीयत वाचली. मुलांनी ऐकली आणि दोघंही "ठीक हाय" म्हणाले. गजाननची बायको सुनीता, तिनं आपणहून समोरची खोली झाडली, आत्याचा पलंग तिथं लावून दिला. मला वाटलं, संपलं काम. कागद चालला.

पण आमचं गाव ते. "वसीयत वाचून राहिले" एवढंच शेजारी कोणीतरी ऐकलं. पुढचं त्यानं स्वतःच जोडलं. दुपारी मोहगावची पाहुणेमंडळी बसमधून रडतच उतरली. एकीनं तर गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला. मी दारात उभा राहून सांगतोय, "काका ठणठणीत आहेत, जामसांवलीला गेले आहेत," आणि ती बाई मला मिठी मारून म्हणते, "हो बाबा, आता तिथंच गेले म्हनायचं." त्या गर्दीला समजावता समजावता माझा कोर्टाचा दिवस बुडाला. खरं कळल्यावर पाहुण्यांना राग आला, पण जेवल्याशिवाय कोणी गेलं नाही. त्यात एकानं हार आणला होता, तो गजाननच्या हातात देऊन म्हणाला, "ठेवा, लागन कधी तरी." मी मनातल्या मनात काकांना काय काय म्हटलं ते इथं लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनीता आमच्याकडे आली. डोळे लाल.

"भाऊजी, आत्यानं कालपासून ताट वापस पाठवलं. भूक नाही म्हनते. माह्याकून काही कमी झालं का? मी त सगळं कागदात हाय तसंच केलं."

मी गेलो. आत्या त्या झाडलेल्या खोलीत पलंगावर बसली होती. दार उघडं, पंखा चालू, तांब्यात पाणी. तिच्या हक्काचं सगळं होतं तिच्यापाशी. मी म्हटलं, "आत्या, जेवत का नाही?"

"जेवीन ना. तो जेवला असन का तिथं? धर्मशाळेत तिखट करतात. त्याले चालत नाही."

एवढंच बोलली. मला वाईटही वाटलं आणि काकांचा असा संताप आला की मी धर्मशाळेच्या ऑफिसात फोन लावून त्यांना बोलावून घेतलं. काका पहिलंच विचारतात, "चालली का?"

"चालली. मुलं कागदाप्रमाणे वागली. सुनीतानं खोली दिली. आत्या जेवत नाही."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

काका मिळेल त्या गाडीनं परत आले. पायरीवरूनच म्हणाले, "बाई, जेव व." आणि आत्या उठली, हात धुतले, दोघांसाठी ताटं मांडली. ती जेवताना काका तिच्याकडे पाहत बसले, स्वतः धड जेवलेच नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. मी गेलो तेव्हा काका जमिनीकडे पाहून बोलत होते.

"वकील, वसीयत फेल हाय. खोली देल्ली, रसोई देल्ली. तिले जेव म्हननारा कोन देऊ? ते कोन्त्या कलमात लिहितं तू?"

मी म्हटलं, "काका, ते कागदात येत नाही."

"मंग काय कामाचा हा कागद?"

आत्या ताटं उचलत होती. तिथूनच म्हणाली, "आन मी आधी गेली त?"

काकांनी वर पाहिलं.

"मी मोठी हाय तुह्याहून. आधी माहाच नंबर. तू सगळं तुह्या मरनाचं पाहून राहिला. माहं कोन पाहन?"

आत्या आपल्याआधी जाऊ शकते, हे काकांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते आता येत होतं आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला ते पाहवेना.

आत्या पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली. "वकीलसाहेब, माहीबी वसीयत लिहा."

"तुमच्या नावावर काय आहे, आत्या?"

"काहीच नाही. एक हा हाय." तिनं काकांकडे बोट केलं. "हा सुनीताच्या नावानं करा. लिहा, याले चहात साखर नाही द्यायची, पन देल्ली म्हनून सांगायचं. आंघोळीचं पानी याले गरमच लागते, पन सांगत नाही. रागावला त बोलायचं नाही, थोड्या वेळानं आपोआप येते. आन अंधारात याले झोप नाही येत. लहानपनापासून. आंगनातला लाइट चालू ठेवायचा, पन त्याच्यासाठी ठेवला असं म्हनायचं नाही."

काकांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. मी कागद पुढे ओढला आणि लिहायला लागलो. असा कागद कोणत्याच रजिस्ट्रारकडे चालत नाही हे मला माहीत होतं.

सुनीता रसोईच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली, आत्याच्या बाजूला बसली आणि म्हणाली, "हळू सांगा आत्या. मले पाठ करू द्या."